मांजर दोरा गिळतं तेव्हा

मांजर पायमोजा चघळत बसलं, दुधाच्या पिशवीचा कोपरा कुरतडू लागलं किंवा लोकरीच्या शालीला तोंड लावून डोळे मिटून चोखू लागलं की घरातल्यांना गंमत वाटते. गंमत वाटू दे, पण नंतर ती वस्तू हातात घ्या आणि तिचा एखादा तुकडा कमी झालाय का ते बघा. चोखणं, चावणं आणि गिळणं ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. चोखणारं मांजर बहुतेक वेळा सुरक्षित असतं, चावणाऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं आणि गिळणाऱ्याला पशुवैद्याकडे न्यावंच लागतं. खाद्य नसलेल्या वस्तू गिळण्याच्या सवयीला पशुवैद्यकात 'पायका' म्हणतात. माणसांतही काही गरोदर बायकांना माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. ती याच जातीची ओढ, आणि तिच्यामागे पुष्कळदा अंगातलं लोह कमी झालेलं असतं. मांजराच्या बाबतीतही 'वाईट खोड' म्हणून सोडून देण्याआधी शरीर तपासायचं, ते यासाठीच.

पण त्याही आधी दोऱ्याबद्दल बोलायला हवं, कारण बाकीच्या वस्तूंच्या बाबतीत थोडा वेळ हाताशी असतो आणि दोऱ्याच्या बाबतीत तो फार कमी असतो.

मांजराच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले कडक काटे असतात, आपल्या नखांसारखेच केराटिनचे. अंग चाटून साफ करायला ते उत्तम आहेत. मात्र त्यांत अडकलेला दोरा जिभेने बाहेर ढकलता येत नाही. मांजर जीभ जितकी हलवेल तितका तो आत सरकतो. म्हणून एक टोक तोंडात गेलं की दोरा वीतभर असो की दोन हात लांब, सगळाच गिळला जातो. पुष्कळदा मांजराला तो खायचाही नसतो, खेळता खेळता आत जातो.

गिळलेला दोरा गोळा होऊन शीतून पडतो, असं कधी कधी होतंही. धोका असतो तो त्याचं एक टोक अडकलं तर. अडकायच्या जागा दोन: जिभेच्या बुडाशी खालच्या बाजूला, किंवा जठर संपून आतडं सुरू होतं त्या तोंडाशी. एक टोक असं धरलेलं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरलेला. आतडं आपल्या लाटांनी त्याला पुढे ढकलायला बघतं, पण दोरा हलत नाही. मग आतडंच दोऱ्यावर गोळा होत जातं. परकराची नाडी ओढली की कापडाच्या चुण्या पडतात, नेमक्या तशाच चुण्या आतड्याला पडतात. ताणलेला दोरा आतल्या वळणावर घासत राहतो आणि शेवटी आतडं कापतो, तेही एकाच वेळी अनेक ठिकाणी. आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत सांडली की जंतुसंसर्ग पसरतो, आणि त्यातून मांजर वाचवणं फार अवघड होतं.

लक्षणं सुरुवातीला साधीच दिसतात. दोन-चार उलट्या, खाण्याकडे पाठ, पलंगाखाली किंवा कपाटामागे जाऊन बसणं, पोटाला हात लावू न देणं, लाळ गळणं. थोडीफार शी होतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. दोऱ्याने आतडं पूर्ण बंद होतंच असं नाही, त्यामुळे शी चालू राहूनही आत कापाकापी चाललेली असू शकते. केसांच्या गोळ्याची उलटी आणि ही उलटी यांतला फरक असा, की केसांचा गोळा पडला की मांजर थोड्या वेळात खायला मागतं. चोवीस तासांत तिसरी उलटी झाली आणि खाणंही बंद असेल, तर सकाळची वाट बघू नका. खाणं दोन-तीन दिवस बंद राहणं हे स्वतःच धोक्याचं आहे. विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठत जाते आणि मूळ आजार बाजूला राहून यकृतच बसतं.

दोरा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर ओढू नका. दुसरं टोक आत अडकलं असेल तर तुमच्या ओढण्याने तो करवतीसारखा फिरतो. कापूही नका, कारण बाहेरचं टोक ही डॉक्टरांसाठी खूण असते. दोऱ्याबरोबर सुई गेली असेल तर सुई कुठे आहे हेही त्याच टोकावरून लवकर कळतं. मांजर चाटणार नाही, ओढणार नाही एवढं बघा, चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर घरात असेल तर गळ्यात घाला आणि निघा. जिभेखाली बघायचं असेल तर एका हाताने डोकं वरून धरून किंचित मागे कलवायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडायचा आणि अंगठ्याने हनुवटीच्या खालून, जबड्याच्या दोन हाडांच्या मधल्या मऊ भागात हळूच वर दाबायचं. जीभ उचलली जाते आणि बुडाशी दोरा असेल तर दिसतो. मांजर चावण्याच्या बेतात असेल तर हा खटाटोप दवाखान्यावर सोडा. तिथे भूल देऊनही बघता येतं.

घरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नका. मिठाचं पाणी पाजल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जातं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या जठराला जखमा होतात. धारदार वस्तू किंवा दोरा असेल तर उलटी हा मार्गच चुकीचा. केळं चारून वस्तू 'गुंडाळून' बाहेर काढणं, एरंडेल पाजणं, पातळ पॅराफिन तोंडात ओतणं, हेही नको. पातळ तेल श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाचा वेगळाच आजार ओढवतो. डॉक्टर भेटेपर्यंत खायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

दवाखान्यात जाताना उरलेली वस्तू बरोबर न्या. अर्धा पायमोजा, कुरतडलेली चप्पल, फाटलेली पिशवी, जे असेल ते. गेलेला तुकडा साधारण किती बोटं लांब-रुंद होता आणि शेवटचा शाबूत कधी पाहिला, एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. सुई, नाणं, हाड हे एक्स-रेमध्ये दिसतं. दोरा, कापड आणि पातळ प्लास्टिक दिसत नाही. म्हणून 'एक्स-रे साफ आहे' या एका वाक्यावर थांबू नका. दोरा दिसला नाही तरी गोळा झालेलं आतडं आणि त्यात अडकलेले स्वल्पविरामाच्या आकाराचे हवेचे बुडबुडे जाणकार नजरेला दिसतात, आणि शंका राहिली तर सोनोग्राफी करतात. वस्तू अजून जठरात असेल तर दुर्बिणीने काढता येते. एकदा ती आतड्यात उतरली की शस्त्रक्रियाच, त्यामुळे पहिल्या काही तासांना इतकी किंमत आहे. रात्री-अपरात्री कुठला दवाखाना उघडा असतो आणि कुठे दुर्बीण किंवा सोनोग्राफी आहे, याची चौकशी आज शांतपणे करून ठेवा. परळ, शिरवळ आणि नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून दवाखाने आहेत. त्यांच्या वेळाही लिहून ठेवा.

काही वस्तू दोऱ्याइतक्याच तातडीच्या आहेत. बटणासारखी बॅटरी अन्ननलिकेला काही तासांत भाजते. दोन लोहचुंबक आतड्याच्या दोन वेटोळ्यांत राहून एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत कुजते. कपाटातल्या डांबरगोळ्या विषारीच. चालू वायर चावलेल्या मांजराचं तोंड भाजतंच, शिवाय काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून ते लगेच ठणठणीत दिसलं तरी दाखवून आणा.

आता मूळ प्रश्न: मांजर हे खातं का?

आधी रक्त. हिरड्या बघा. निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. फिकट, पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे. आपल्याकडच्या देशी मांजरांत, विशेषतः रस्त्यावरून आणलेल्या पिल्लांत, पिसवा आणि आतड्याला चिकटणारे आकडेजंत दोन्ही बाजूंनी रक्त पितात. अशी पिल्लं कुंडीतली माती खातात, भिंतीचा चुना चाटतात, शीच्या ट्रेमधली वाळू चघळतात. मांजर वाळू किंवा सिमेंट चाटत असेल तर पंडुरोगाची तपासणी पहिली करा. त्यातही गोळा होणारी बेंटोनाइटची वाळू पिल्लाने खाल्ली तर ती पोटात फुगून घट्ट होते, म्हणून तोवर ट्रेमध्ये कागदाचे किंवा लाकडाच्या भुश्याचे दाणे वापरा. जंतांचं औषध पिल्लांना आठ आठवड्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी, वजनावर मोजून द्यायचं असतं. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराला झटके येतात आणि ते जिवावर बेततं.

डॉक्टरांशी बोलून करायच्या तपासण्या अशा: रक्तपेशींची पूर्ण मोजणी, यकृत-मूत्रपिंड-साखर, शीची तपासणी, मांजरांचा ल्युकेमिया विषाणू, आणि सात वर्षांच्या पुढच्या मांजरात थायरॉइड. दात आणि हिरड्याही. मोठं मांजर आयुष्यात कधी नाही ते अचानक प्लास्टिक खाऊ लागलं तर ती सवय समजू नका, आजार समजून शोधा. जुनाट पोटाचे विकार यात पुष्कळदा निघतात. एरवीही आठवड्याला उलट्या करणारं मांजर कापड खात असेल तर कापडामुळे उलट्या होतात की पोट बिघडल्यामुळे ते कापड खातं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

शरीर ठीक निघालं तर वंश आणि बालपण. सयामी, बर्मीज आणि बर्मन या जातींत लोकर चोखण्याचं प्रमाण जास्त आढळतं आणि ते बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतं. सयामी आणि बर्मन मांजरांवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बर्मनमध्ये लवकर दूध तोडण्याशी या सवयीचा संबंध दिसला. आपल्याकडे पिल्लू 'खायला लागलं' म्हणून महिन्या-सव्वा महिन्याचं उचलून दिलं जातं. हे थांबायला हवं, मनापासून सांगतो. आठ आठवडे ही अगदी कमीत कमी मुदत आहे, बारा आठवडे आईजवळ राहिलं तर उत्तम.

आणि भूक. मॉन्ट्रिअल विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात, वस्तू गिळणाऱ्या मांजरांना दिवसभर खाणं उपलब्ध असण्याचं प्रमाण इतर मांजरांपेक्षा कमी होतं. त्याच अभ्यासात सर्वांत जास्त गिळल्या गेलेल्या वस्तू होत्या बुटाच्या नाड्या आणि दोरे. मांजर निसर्गतः दिवसभरात अनेक छोटी शिकार खाणारा प्राणी आहे. त्याला सकाळ-संध्याकाळ दोनदा ताट वाढून मधले बारा तास रिकामे ठेवणं त्याच्या पोटाला मानवत नाही. दूध-पोळी किंवा दहीभातावर ठेवलेल्या मांजराचं तर पोट भरल्यासारखं दिसतं पण त्याला लागणारी प्रथिनं आणि टॉरिन हे मांसातलं पोषकद्रव्य त्यातून पुरेसं मिळत नाही. घर शाकाहारी असलं तरी मांजर मांसाहारी आहे. त्याला मांजरासाठीच बनवलेलं पूर्ण अन्न लागतं.

साधारण ४ किलोच्या, घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी पुरतात, म्हणजे बहुतेक कोरड्या अन्नाचे ५० ते ६० ग्रॅम. हेच मोजून पाच-सहा वेळांत वाटा. मांजर पहाटे चारला पडदा खात असेल तर एक वाटा रात्री झोपताना असा लपवा की पहाटे शोधून खाता येईल. लोखंडी अप्पेपात्र यासाठी छान: खळग्यांत चार-चार दाणे टाकायचे, वरून स्टीलच्या छोट्या वाट्या उपड्या घालायच्या. इडलीच्या ताटल्याही चालतात. बाजारात मिळणारी, खाणं शोधून काढायला लावणारी कोड्याची भांडी प्लास्टिकची किंवा रबरी असतात आणि प्लास्टिक खाणारं मांजर भांडंच खातं.

तंतूंचा काही मांजरांना फायदा होतो. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ-मसाला न घालता, रोज एक ते दोन चमचे. किंवा साधा इसबगोल, पाव चमचा चार चमचे पाण्यात फुगवून ओल्या खाण्यात मिसळून. कोरडा कधीच नाही, कारण तो आत फुगून स्वतःच अडथळा होतो. उलट्या चालू असताना किंवा काही गिळल्याचा संशय असताना यातलं काहीही देऊ नका.

चावायला हक्काचं काहीतरी हवंच. सर्वांत स्वस्त म्हणजे गव्हाचं गवत, आणि ते लावायला मराठी घराला शिकवायला नको: घटस्थापनेला पेरतो तसंच. मूठभर गहू रात्रभर भिजवायचे, पसरट जड मातीच्या भांड्यात दीड-दोन इंच मातीवर पसरायचे, वरून मातीचा पातळ थर, रोज पाण्याचा हबका. आठव्या-नवव्या दिवशी चार-पाच इंचांचं गवत तयार. घरातलेच दळणाचे गहू घ्या, बियाण्याच्या दुकानातले नको, कारण पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं आणि त्याचा गुलाबी-लाल रंग ओळखूही येतो. आठवड्याच्या अंतराने दोन भांडी लावली की एक कायम हिरवं राहतं. पावसाळ्यात बुडाशी बुरशी धरली तर सगळं फेकून द्या. गवत मिळालं म्हणून लिली, कण्हेर, सायकस किंवा मनीप्लांट मात्र आवाक्यात ठेवू नका. लिली तर घरातच नको. तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

फक्त चोखणाऱ्या मांजराला घट्ट विणीचा, सुटे धागे नसलेला एक कापडाचा तुकडा, जुनी जीन्स उत्तम, कडा दुमडून दुहेरी शिवून देता येतो. त्याची कड उसवली की बदला. सगळं हिसकावून घेण्यापेक्षा एक वस्तू त्याची असू देणं मला बरं वाटतं.

वस्तू आवाक्याबाहेर ठेवण्याला पर्याय नाही, आणि इथे माणसांना शिस्त लागते, मांजराला नाही. गुडघ्यांवर बसून मांजराच्या उंचीवरून एकेक खोली बघा. परकर-पायजम्याच्या नाड्या, केसांची रबरं, दात साफ करायचा दोरा, शिवणाचा डबा, पार्सलची सुतळी, पायपुसण्याचे गोंडे, केरसुणीच्या काड्या. देवघर विसरू नका. तेला-तुपात भिजलेली वात मांजराला खाऊ वाटते, आणि गजऱ्याचा किंवा हाराचा दोरा फुलं सुकल्यावर कोपऱ्यात पडून राहतो. दुधाची पिशवी धुऊन वाळत घातली तरी तिला सायीचा वास असतो. कोंबडीची काळी पिशवी, मटणाला बांधलेला दोरा, हे तर सरळ झाकणाच्या, पायाने उघडायच्या डब्यात जायला हवं. संक्रांतीत मांजा, श्रावणात राखी, गणपतीत मखराच्या झिरमिळ्या, दिवाळीत आकाशकंदिलाच्या शेपट्या: सणाचा पसारा आवरताना दोऱ्यांची मोजदाद करा. काठीला दोरी बांधलेलं खेळणं खेळून झालं की कपाटात बंद, ते मांजराच्या ताब्यात एक मिनिटही नको. वायरी कडक पीव्हीसी पट्टीत घाला.

वस्तूंना कडू फवारा मारणं काही मांजरांवर चालतं, पुष्कळांवर नाही, आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारावा लागतो. तिखट, कापूर, निलगिरीचं तेल यांचा प्रयोग करू नका, ते मांजराला इजा करतं.

तोंडात काही दिसलं की ओरडत मागे धावायचं नाही. पाठलाग झाला की मांजर पटकन गिळून मोकळं होतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर गिळतं. त्याऐवजी 'सोड' शिकवा. निरुपद्रवी खेळणं त्याच्या तोंडात असताना नाकाशी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा धरायचा, खेळणं पडलं की 'सोड' म्हणून तुकडा द्यायचा. रोज पाच वेळा, दोन आठवडे. रोज दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं शिकारीसारखा खेळ आणि खेळ संपताच खाणं, हा क्रम ठेवा. त्याने रिकामपणी होणारं कुरतडणं उतरतं.

एवढं सगळं करूनही गिळणं थांबत नसेल तर फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखं मनाच्या अस्वस्थतेवरचं औषध डॉक्टर देऊ शकतात. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नका, आणि एकदम बंदही करू नका. माणसाची गोळी मोडून अंदाजाने देणं हा जिवाशी खेळ आहे. या काळात साध्या वहीत रोज नोंद ठेवा: काय, किती वाजता, आधी काय घडलं, शीत काय निघालं. महिनाभराच्या नोंदीत वेळ आणि जागा यांची ठेवण दिसू लागते, आणि औषधाने फरक पडला का हेही आठवणीपेक्षा वहीतून खात्रीने कळतं.

शस्त्रक्रिया झालीच, तर आतड्यावरचे टाके उसवायचा धोका तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो. त्या दिवसांत मांजर मरगळलं, ताप आला, पुन्हा उलटी झाली, तर फोन न करता थेट घेऊन जा. वरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर चाटू नये म्हणून कॉलर लागते, आणि ती निवडताना मांजराची सवय लक्षात ठेवा: कापडी अंगरखा किंवा नाड्या बांधायची मऊ कॉलर या मांजराला नको, टणक प्लास्टिकची, चिकटपट्टीने नव्हे तर खटक्याने बसणारी घ्या आणि तिच्या कडेला दातांच्या खुणा दिसतात का ते रोज बघा.